राजा उठला आणि जेवला

होळी जवळ आली की सुरतेत धाणी-खजुराच्या हातगाड्या लागतात. ज्वारीच्या लाह्यांना इथे धाणी म्हणतात. तिचा पांढरा ढीग, शेजारी खजुराचा काळपट चिकट ढीग, त्यावर ओलं फडकं आणि फडक्यावर माश्या. सकाळी हवेत थोडा गारवा असतो, दुपारी डांबर मऊ व्हायला लागतं. विजेच्या तारांवर उत्तरायणातल्या पतंगांच्या नुसत्या कामट्या उरलेल्या असतात. बारडोलीच्या रस्त्याला उसाचे ट्रक अजून दिसतात, पण तुरळक. दहावीची मुलं गॅलरीत पुस्तक घेऊन येरझाऱ्या घालतात.

आमच्या घरातला उपासाचा काळ याच दिवसांत येतो. पुनरुत्थानाच्या सणाआधीचे, म्हणजे ईस्टरआधीचे, चाळीस दिवस ख्रिस्ती माणसं उपासाचे, प्रार्थनेचे आणि शास्त्रवाचनाचे मानतात. मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांत, त्याला लेंट म्हणतात. आई नुसतं ‘चाळीस दिवस’ म्हणते. यंदा रिक्षातून जाताना तिला धाणीची गाडी दिसली आणि तिनं विचारलं, “लागनात का चाळीस दिवस?”

“लागले. बुधवारीच.”

“माले कोनी सांगं नई,” ती म्हणाली. मला कोणी सांगितलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण न सांगण्याचं कारण तिला ठाऊक होतं. तिला साखरेचा आजार आहे, वय झालं आहे आणि डॉक्टरांनी उपास बंद केले आहेत.

हा काळ आला की मला एकच वर्ष आठवतं. नव्वदच्या दशकाचा मध्य होता. प्लेगची भीती ओसरली होती, शहर सोडून गेलेली माणसं परत आली होती आणि रस्ते रोज झाडले जात होते. मी एका मराठी दैनिकाच्या लहानशा सुरत कचेरीत नवीनच लागले होते. शहर कसं स्वच्छ झालं याच्या बातम्या आम्ही त्या वर्षी इतक्या छापल्या, की मजकूर जुळवणारा म्हणायचा, आता फक्त गल्लीचं नाव बदलत जा.

शहरातल्या बमरोली भागात खोल्यांच्या ज्या ओळीत आम्ही राहत होतो, तिच्या मागच्या भिंतीला लागून लूमचं खातं होतं. लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्याला सुरतेत खातं म्हणतात. दिवसभर भिंत थरथरायची. मांडणीवरचे पेले एकमेकांना लागून किणकिणत राहायचे. गावाहून आलेले पाहुणे पहिल्या दिवशी डोकं धरून बसत. आम्हाला मात्र खात्याला सुट्टी असली की चुकल्यासारखं व्हायचं.

खात्यात माणसाचा आवाज माणसाला ऐकू येत नाही. म्हणून कारीगर ओठ वाचतात. एक जण या टोकाला, दुसरा त्या टोकाला. मध्ये धडधडणारे लूम. घशातून आवाज न काढता चहा मागवला जातो, मुकादमाची नक्कल होते, शिव्या दिल्या जातात आणि त्यांना उत्तरंही मिळतात. माझा धाकटा भाऊ सुहास लूमवरच कामाला होता आणि यात तरबेज होता. दारात बसून समोरच्या गच्चीवर चाललेलं भांडण तो आम्हाला शब्दन्‌शब्द सांगायचा.

“ताई, लिहून घे. हेडिंग दे: सासूचा आरोप, सुनेचा इन्कार.”

“आणि खाली काय छापू?”

“खाली छाप, नवरा संपर्काच्या बाहेर.”

दिवाळीनंतर त्याचे पाय सुजायला लागले. मग तोंड सुजलं. मूत्रपिंडं दोन्ही निकामी होत चालली आहेत, असं सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं. त्यांनी ते वेळ देऊन, नीट सांगितलं. आईचं किंवा माझं मूत्रपिंड त्याला जुळत नाही, हेही तपासून सांगितलं. त्यांच्या बोलण्यात एकही वाक्य खोटं नव्हतं आणि एकाही वाक्यात आशा नव्हती. यंत्रावर रक्त धुऊन आणायला आम्ही त्याला नेत होतो. यंत्र त्याला धरून ठेवायचं. बरं करणं त्याच्या हातात नव्हतं.

वडील आधीच गेले होते. घरात आई, मी आणि तो.

तोवर आईचा धर्म रविवारपुरता होता, असं म्हटलं तर तिच्यावर अन्याय होणार नाही. धुळ्याकडच्या ख्रिस्ती घरात ती जन्मली, तिथेच तिचा बाप्तिस्मा झाला, तशाच घरात लग्न झालं. नाताळाला करंज्या, रविवारी धुतलेलं लुगडं, जेवणाआधी पाठ असलेली प्रार्थना. ओळीतल्या बाकीच्या बायका एकादशी करत, ही रविवार करायची. फरक तेवढाच होता आणि कोणाला तो टोचत नव्हता. पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, घरात होतं. ते कपड्यांच्या पेटीत, वरच्या थरात असायचं. तिला वाचता येत होतं, पण अक्षराखाली बोट धरून.

त्या वर्षी चाळीस दिवसांच्या सुरुवातीला आमच्या खोलीत प्रार्थनासभा झाली. मंडळीचे एक पंच होते, शामकाका. सुताला खळ लावायच्या, सायझिंगच्या कामावरचा माणूस, अंगाला नेहमी खळीचा वास. बोलणं चांगलं होतं आणि माणूस मनानं सरळ होता. आजाऱ्यासाठी उपास कसा करावा हे सांगताना त्यांनी शास्त्रातल्या एका राजाची गोष्ट सांगितली. राजाचं तान्हं मूल आजारी पडलं. राजानं अन्न सोडलं. महालातला राजा, पण जमिनीवर पडून राहिला. दरबारातली वडीलधारी माणसं उठवायला आली, तरी उठला नाही. जेवा म्हणाली, तरी जेवला नाही. देवापुढे असं पडून राहावं लागतं, शामकाका म्हणाले. मग त्यांनी डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली.

गोष्ट त्यांनी तिथेच थांबवली. पुढचा भाग त्यांना माहीत नसेल, हे शक्य नाही. सुहास समोर खाटेवर बसला होता. त्याच्या देखत पुढचं सांगायला त्यांची जीभ रेटली नसेल. किंवा ज्या भागानं धीर येतो तेवढाच सांगायचा, ही सभेतल्या बोलणाऱ्यांची जुनी रीत असेल. त्या दिवशी मलाही पुढचा भाग माहीत नव्हता. आईला तर नव्हताच.

दुसऱ्या दिवसापासून आईनं अंथरूण जमिनीवर घातलं आणि एक वेळचं जेवण सोडलं. मग दोन्ही वेळचं. सूर्य मावळल्यावर एक पेला ताक, एवढंच उरलं. शेजारच्या खोलीत इंदूअक्का राहायच्या. अमळनेरकडच्या, मोठ्या आवाजाच्या, उपासतापासात मुरलेल्या. त्या दारातून आत बघत.

“चहा बी नई?”

“नई.”

“साबुदाना?”

“नई.”

“तुमचा देव तं भलता कडक दिसस, माय. आमनी एकादशीले निदान बटाटा चालस.”

आई हसायची. मग इंदूअक्काही खाली बसत आणि गडावर देवीला पायी जाईन असा नवस सुहाससाठी बोलले आहे, हे आवाज खाली आणून सांगत. जणू शेजारच्या देवानं ऐकू नये. दोघींनी एकमेकींचे देव कधी वाईट म्हटले नाहीत. त्या महिन्यात तर त्या दोघी एकाच कामावर लावलेल्या दोन मजुरिणींसारख्या दिसायच्या. एक या बाजूनं ढकलतेय, दुसरी त्या बाजूनं.

मीठ घरातून गेलं. सुहासला मीठ बंद होतं, म्हणून माझ्याही ताटातलं बंद झालं. सगळ्यांत वाईट होतं ते पाणी. त्याला पाणी मोजून द्यायचं होतं आणि ऊन वाढत होतं. पत्र्याखाली दुपारी अंगावरचा सदरा भिजायचा. तो पेला हातात धरून बसायचा, ओठ ओले करायचा आणि परत ठेवायचा. माठ आम्ही इंदूअक्कांच्या खोलीत नेऊन ठेवला, कारण माठातून पाणी काढल्याचा आवाज त्याला सहन होत नव्हता. तेव्हा आईनं दिवसाचं पाणीही सोडलं.

“आई, तू पाणी पी ना.”

“तुले कुठे प्यायले मिळस?”

“माझ्या वाटचं तू पी. एकाचं तरी पोट भरू दे. दोघंही कोरडे राहून देवाला काय लोणचं घालायचंय आपलं?”

हे बोलताना तो हसत होता. त्याचं हसणं तोपर्यंत टिकून होतं.

आई प्रार्थना मनातल्या मनात करायची, पण तिचे ओठ हलत. खोलीच्या त्या कोपऱ्यात, भिंतीला टेकून, डोळे मिटून. भिंतीमागे लूम चाललेले. आवाज काहीच यायचा नाही. ती काय मागते हे आपल्यालाच ठाऊक आहे, असं तिला वाटत होतं. एका दुपारी मी कचेरीला निघायच्या तयारीत होते. सुहास खाटेवर उशीला टेकून तिच्याकडे एकटक बघत होता. ती प्रार्थना संपवून उठली तेव्हा तो म्हणाला, “आई, सौदा करू नकोस.”

“कसाना सौदा?”

“ह्याच्याऐवजी मला ने, म्हणतेस. रोज म्हणतेस. मी बघतोय.”

आई उभीच राहिली. ओठ वाचणाऱ्या पोरासमोर आपण इतके दिवस उघड्यावर बोलत होतो, हे तिच्या लक्षात आलं. तिचा चेहरा कसा झाला हे मला सांगता येईल, पण ते सांगून काही वाढणार नाही.

“आणि शामकाकांच्या देवानं ऐकलं आणि खरंच तुला नेलं तर?” सुहास म्हणाला. “ताईच्या हातच्या पोळ्या खाऊ मी? त्यापेक्षा मीच जातो.”

“गप बस,” मी म्हटलं. मी कचेरीला गेले. त्या दिवशी पाणीकपातीची बातमी होती, ती मी लिहिली.

त्यानंतर आई भिंतीकडे तोंड करून प्रार्थना करू लागली. आता त्याला तिची पाठ दिसायची. आणि तिची प्रार्थना बदलली. हे मला कळलं, कारण खात्याच्या सुट्टीच्या दिवशी, भिंत थांबलेली असताना, तिची कुजबुज ऐकू आली. तोवर ती मंडळीतल्या मराठीत प्रार्थना करायची. हे स्वर्गीय पित्या, आम्ही तुझ्या चरणी येतो, असली वाक्यं; जी तिनं आयुष्यात दुसऱ्या कुणाशीही बोलताना वापरली नव्हती. त्या दिवशी ती अहिराणीत बोलत होती. आईशी, बहिणीशी, इंदूअक्कांशी बोलावं तसं. बोलणं बरंचसं भांडणाचं होतं. तुले दिसत नई का, असं ती म्हणत होती. तुले पोऱ्या व्हता ना एक, मंग तुले कयत नई का, असं म्हणत होती. मध्येच थांबायची, समोरच्याला बोलायला वेळ द्यावा तशी. मग पुन्हा सुरू.

श्रद्धा वाढते म्हणजे काय होतं, याबद्दल मंडळीत मी पुष्कळ ऐकलं आहे. शांती मिळते, ओझं उतरतं. आईच्या बाबतीत मी जे पाहिलं, ते असं नव्हतं. ओझं वाढलं. आधी देव हा तिला रविवारी भेटणारा कोणी मोठा माणूस होता. आता तो घरात होता, समोर बसलेला, आणि काही करत नव्हता.

पेटीतलं शास्त्र बाहेर आलं ते याच दिवसांत. तिला राजाची गोष्ट हवी होती. कुठे आहे ते शामकाकांना न विचारता ती पानं उलटत राहिली. शोधायला तिला किती दिवस लागले कोण जाणे. एका दुपारी मी लवकर घरी आले. सुहास झोपला होता. आई दारातल्या उजेडात बसली होती, बोट ओळीवर.

“मरी गया,” ती म्हणाली.

मी दचकून खाटेकडे पाहिलं.

“राजाना पोऱ्या. मरी गया. शामभाऊनी सांगं नई.”

मी तिच्याजवळ बसले. तिनं बोट ठेवून पुढचं हळूहळू वाचलं आणि मग आपल्या भाषेत सांगितलं. मूल गेलं. राजाला सांगायची कुणाची हिंमत होईना. राजा कुजबुजीवरूनच समजला. मग तो जमिनीवरून उठला, अंग धुतलं, कपडे बदलले, देवाच्या घरी जाऊन पाया पडला आणि घरी येऊन जेवायला मागितलं. चाकर चकित झाले. मूल जिवंत असताना उपाशी, आणि गेल्यावर जेवायला बसलास? राजा म्हणाला, तोवर वाटत होतं, कदाचित देवाला दया येईल. आता उपास करून काय उपयोग? मी त्याला परत आणू शकतो का?

तिनं शास्त्र मिटलं. खात्यातल्या लुमांमुळे तिची मांडी आणि मांडीवरचं शास्त्र दोन्ही बारीक थरथरत होतं.

“त्याले भूक कशी लागनी व्हई?” ती म्हणाली.

संध्याकाळी तिनं नेहमीप्रमाणे ताक घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उपास धरला. शेवट कळल्यावरही तिनं उपास सोडला नाही, ही गोष्ट मी तेव्हा फारशी मनावर घेतली नव्हती. आता घेते. तोवर ती न कळता करत होती. त्या दिवसापासून ती कळून करत होती.

सुहास त्या चाळीस दिवसांच्या मध्येच कुठेतरी गेला. मंगळवार होता. मंडळीच्या पंचांगात त्या वारी काही नव्हतं. ना उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, ना पुनरुत्थानाचा रविवार. सकाळी यंत्रावर न्यायचं होतं. रिक्षा दारात आली तेव्हा तो म्हणाला, “आज नको.” आईनं त्याचा हात धरला. तो काहीतरी बोलला, पण आवाज आला नाही, फक्त ओठ हलले. आम्हा दोघींना ओठ वाचता येत नव्हते. आई पुन्हा पुन्हा विचारत राहिली, काय म्हनस, काय म्हनस. भिंतीमागे सगळे लूम चालू होते. ते कुणी बंद केले असते, तरी काही ऐकू आलं असतं असं मला वाटत नाही.

त्याच्या खात्यातले कारीगर आले. त्यांनीच खांदा दिला. दुपारी दफन झालं. पाळकसाहेबांनी शास्त्र वाचलं, मंडळीनं गीत म्हटलं, प्रत्येकानं मूठ मूठ माती टाकली. माती कोरडी होती आणि तिची धूळ उडून सगळ्यांच्या डोळ्यांत जात होती, त्यामुळे कोण रडतंय ते नीट कळत नव्हतं.

मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारी जेवण आणतात. ही रीत ओळीतल्या सगळ्यांची होती. हिंदूंची होती तशी आमचीही. वडील गेले तेव्हाही आमच्या स्टोव्हला कुणी हात लावला नव्हता. इंदूअक्कांनी आपल्या खोलीत भाकरी थापल्या, पिठलं केलं, ताटावर ताट झाकलं आणि त्या आमच्या दाराशी आल्या.

आई आत स्टोव्हला पंप मारत होती. तिनं अंघोळ केली होती, केस ओले होते, धुतलेलं लुगडं नेसली होती. पातेल्यात तुरीच्या डाळीची खिचडी टाकली होती. मसाला परतल्याचा वास बाहेर ओळीत गेला होता. लोक दारादारातून बघत होते.

“काय करी ऱ्हायनी तू?” इंदूअक्का म्हणाल्या.

आईनं पातेल्यावर झाकण ठेवलं.

“माय, लोकं अजून परतनात नई नदीवरून आंग धोईसन. आनि तू चूल पेटाडी?”

“राजानी बी जेवन मांगं व्हतं,” आई म्हणाली.

इंदूअक्कांना हा राजा ठाऊक नव्हता. त्यांना दिसत होतं ते एवढंच, की जिनं पोरासाठी अन्नपाणी सोडलं, ती पोराला पुरून आल्यावर तासाभरात फोडणी देते आहे. त्यांनी ताट उंबऱ्याच्या आत ठेवलं आणि त्या गेल्या. त्या रडत होत्या. पुढे बरेच दिवस त्या आईशी बोलल्या नाहीत. भांडण झालं नाही. फक्त पाणी भरायची वेळ बदलली.

आईनं दोन ताटं घेतली. एक माझ्यापुढे ठेवलं. खिचडीत मीठ होतं. इतक्या दिवसांनी मीठ जिभेवर आलं आणि जीभ झोंबली. आई जेवली. वाढून घेतलेलं सगळं जेवली. तिच्या गळ्याकडे बघत होते मी. घास उतरताना दिसत होता. मग ती उठली, हात धुतले आणि मोरीवर जाऊन सगळं ओकली. परत आली आणि पुन्हा वाढून घेतलं.

दुसऱ्यांदा वाढून घेतलेलं फक्त मी पाहिलं. शामकाकांच्या कानावर गेलं ते ओळीतल्या लोकांकडून, पहिलं जेवणच. पुढच्या सभेत त्यांनी ते सांगितलं. आमच्यातल्या एका आईनं देवाची इच्छा कशी मान्य केली, शोकाच्या दिवशी कसं उठून अन्न घेतलं, शास्त्र कसं आचरणात आणलं. लोकांचे डोळे पाणावले. साक्ष द्या, म्हणून त्यांनी आईला उभं केलं. साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत सांगणं. आई उभी राहिली.

“मी उपास करा,” ती म्हणाली. “तो गया. मी जेवनू.”

लोक पुढच्या वाक्यासाठी थांबले. ती खाली बसली. कुणीतरी मोठ्यानं आमेन म्हटलं आणि मग सगळ्यांनी म्हटलं. त्यांनी ती साक्ष मानली. मी बातमीच्या धंद्यातली असल्यामुळे मला तेवढं दिसलं, की तीन वाक्यांत तिनं सगळं दिलं होतं आणि त्यात देवाचं नाव नव्हतं.

पुनरुत्थानाच्या रविवारी पहाटे मंडळी कबरस्तानात जमते. कबरींवर झेंडू आणि मोगरा, मेणबत्त्या वाऱ्यानं विझत, पुन्हा लावल्या जात. कबर रिकामी आहे, असं पाळकसाहेब म्हणाले. ते दुसऱ्या, ख्रिस्ताच्या कबरीबद्दल म्हणत होते, हे सगळ्यांना माहीत होतं. आईनं सुहासच्या मातीवर हात ठेवला. ऊन वर येईपर्यंत बसली. मग म्हणाली, चाल. वाटेत एका शब्दानंही ती रिकाम्या कबरीबद्दल बोलली नाही. तिचा त्यावर विश्वास नव्हता असं नाही. विश्वास होता. तो तिच्या काही कामाचा नव्हता, एवढंच.

पुढे वर्षं गेली. ओळ सोडली. इंदूअक्का हळूहळू पुन्हा बोलायला लागल्या आणि नंतर गावी गेल्या. शामकाका वारले. आईचं शास्त्र वाचणं थांबलं नाही. बोट धरून वाचणारी बाई बोट न धरता वाचू लागली. दर वर्षी चाळीस दिवस ती करत राहिली, डॉक्टरांनी बंद करेपर्यंत. या सगळ्यात मंडळीत तिचं नाव झालं. तिची प्रार्थना पोचते, असं लोक म्हणू लागले. ही ख्याती कशावर उभी आहे हे मी पाहिलेलं आहे. जी एक गोष्ट तिनं जीव तोडून मागितली होती, ती मिळाली नाही. लोकांना आठवतं ते तिचं उठून जेवणं. आणि लोक येतात. कोणाचा नवरा दारूत, कोणाच्या मुलीला आकडी, कोणाला गाठ. ती नाव विचारते. बरा होईल, असं तिनं कुणालाही सांगितलेलं मी ऐकलेलं नाही.

गेल्या आठवड्यात दुपारी फोन आला. सुरतेजवळच्या सचिन गावाहून एक बाई बोलत होती. मंडळीत कुणाकडून तरी तिला नंबर मिळाला होता. आई तिला ओळखत नव्हती. तिचा मुलगा दवाखान्यात होता. फोनचा आवाज मोठा ठेवलेला असतो, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. डॉक्टर काय म्हणाले ते त्या बाईनं सांगितलं. पुढचं तिला सांगवेना.

“नाव काय त्याचं?” आईनं विचारलं.

बाईनं नाव सांगितलं. आईनं ते एकदा उच्चारून पाहिलं. “बरं,” म्हणाली आणि फोन माझ्याकडे दिला. समोर ताट वाढलेलं होतं. तिनं ते सरकवलं.

“आई, डॉक्टरांनी नाही सांगितलंय.”

“ऐकं मी.”

“तो वाचेल असं वाटतं तुला?”

“नई.”

“मग कशासाठी उपाशी राहायचं?”

ती माझ्याकडे बघत राहिली. मी इतकी वर्षं तिच्या घरात राहून असं विचारते, याचं तिला नवल वाटलं असावं.

“ती बाई आज जेवनार शे का?” ती म्हणाली. “मंग?”

मी ताट झाकलं.